गेनूचा काटा आणि रावजीआबांचं पान

हिवरगावात गेनू नावाचा एक भोळा राहायचा. आईने ‘भाताकडे बघ’ म्हटलं, की भात करपेपर्यंत बघत बसायचा.

त्याला सरकारी काम लागलं. देशात कोण कोणत्या वयात किती खातं, ते तोलून लिहायचं. “यादी पुरी भरलीस, तर कायम करते,” त्याच्या वरच्या अधिकारी निगडे मॅडम म्हणाल्या. गेनूचं लग्न त्या ‘कायम’वरच अडलं होतं. मॅडमचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

पहिलं नाव तान्ह्या बाळाचं. अंगावरचं दूध तोलायचं कसं?

“पाजण्याआधी बाळाला तोल, पाजल्यावर पुन्हा तोल. वाढलं तेवढं दूध,” मॅडम म्हणाल्या.

जमलं.

दुसरं नाव सोपान पैलवानाचं. गेनूने जेवणाआधी त्याला धान्याच्या काट्यावर चढवलं. पैलवान अकरा भाकरी जेवला, टमरेल घेऊन ओढ्याकडे जाऊन आला आणि पुन्हा काट्यावर चढला. गेनूने लिहिलं, ‘जेवण: उणे पाव किलो.’

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अरे, मोठ्यांचं पान तोलायचं! वाढलेलं तोल, उरलेलं वजा कर.”

“बरं,” गेनू म्हणाला.

तिसरं नाव चार वर्षांच्या चिंगीचं. चिंगी ताट अंगणात टाकून खेळायला पळाली. कोंबड्यांनी ताट साफ केलं. गेनू शेजारीच बसून बघत होता. उरलं शून्य. त्याने लिहिलं, ‘चिंगी: दोन भाकरी. भूक उत्तम.’

“गाढवा!” मॅडम कडाडल्या. “ज्याचं पान त्याच्याच पोटात जायला हवं. पाखरू, जनावर, काही जवळ आलं की हाकल!”

“बरं.”

शेवटचं नाव रावजीआबांचं. ऐंशीच्या वर गावात तेवढे एकच. गेनू घरी गेला, तर आबांची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “आबा वारले रं. आज दहावा. समदी नदीवर पान वाढाय गेल्याती.”

गेनूला वाईट वाटलं. पण यादीत नाव होतं, पान वाढलेलं होतं, आणि वारलेल्यांचं लिहू नको असं मॅडम काही म्हणाल्या नव्हत्या. तो नदीवर गेला. पान तोललं. सरकारी माणूस म्हणून कुणी अडवलं नाही.

कावळा काही शिवेना. दुपार टळत आली. पोरंबाळं भुकेने रडायला लागली.

“आबा, गोठा मोडत न्हाई,” थोरला मुलगा बाजी हात जोडून म्हणाला. कावळा नाही.

“धाकल्याला वाटा देतो.” कावळा नाही.

“आबा, आईला अंतर देनार न्हाई!”

जांभळीवरून एक कावळा उतरला. एक उडी. दुसरी उडी. कावळ्याने पानाकडे चोच नेली.

“हाऽऽड! आबांचं पान हाय ते!” गेनूने नेम धरून वहाण हाणली.

कावळा नदीपार गेला. बाजी दांडका घेऊन गेनूच्या मागे लागला. पळता पळता गेनूने शेवटचा रकाना भरला आणि यादी एकदाची पुरी केली:

‘रावजीआबा. वाढलेलं पाऊण किलो, उरलेलं पाऊण किलो. जेवले नाहीत. वयामुळे भूक मंदावली असावी.’