सांध्यातली खीळ

“कापू का मग, सर?”

टिपणीस सरांनी चहाची बशी ओठांना लावली होती, आणि चहा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही हा त्यांचा जुना शिरस्ता.

उपेंद्र घैसास बागेत गुडघे टेकून, लोखंड कापायची करवत हातात धरून बसून राहिला. पुढे पितळेचे रूळ उन्हात चमकत होते.

सरांनी बशी खाली ठेवली.

“काय म्हणालास?”

“रूळ कापू का?”

“आणलेत कशाला मग नवे?”

देवळालीतल्या त्या बंगल्याच्या बागेत सरांनी स्वतः घातलेली छोटी आगगाडी होती. पावाच्या लादीएवढं इंजिन आणि मागे दोन-तीन डबे. व्हरांड्यासमोरून निघायचं, लिंबाला वळसा घालायचा, पाटावरचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा व्हरांड्यासमोर यायचं. एवढीच तिची दुनिया.

ह्या दुनियेला उपेंद्रने नवा फाटा जोडायला घेतला होता. उपेंद्र शाळेत सरांचा विद्यार्थी, आता अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. हात कसबी, आणि हात कसबी आहे हे चारचौघांत कळावं अशी इच्छाही भरपूर. फाटा चिकूच्या पलीकडे जाणार होता, सिमेंटच्या पाइपातून बोगदा, मग मागच्या भिंतीच्या कडेने लांबलचक फेरी, आणि परत जुन्या रुळांवर. कित्येक रविवार खपून त्याने विटांचा बांध घातला, खडी पसरली, रूळ अंथरले. सांधेही स्वतःच घडवले. सांधा म्हणजे जिथे गाडी एक वाट सोडून दुसरी धरते ती जागा. बाजूचा दांडा ओढला की पाती सरकतात आणि गाडी वळते.

सगळं तयार होतं. फक्त जोडायचं राहिलं होतं, आणि जुने रूळ कापल्याशिवाय सांधा बसत नाही.

तिथेच घोडं अडलं होतं.

सरांची नजर काचबिंदूने नेली होती. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच आता त्यांना कळायचं. पेपर सुटला, बाजार सुटला, दाढीसुद्धा त्यांच्या पत्नी मालतीबाई करून द्यायच्या. गाडी मात्र ते अजून एकटे चालवायचे. व्हरांड्यात खुर्चीवर बसायचे, मांडीवर वेगाची डबी, डबीला एक बटण. लिंबाच्या वळणावर चाकं करकरली की बटण मागे, पुलावर आवाज पोकळ झाला की पुढे. सगळी वाट त्यांच्या कानांत होती. कोणाचाही हात न धरता करण्यासारखी ही एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती.

आणि तीच आपण मोडायला निघालो की काय, ह्या धास्तीने उपेंद्रचा हात चालत नव्हता.

“सर, ही वाट तुम्हाला पाठ आहे. कापली की आवाज बदलणार.”

“बदलू दे.”

“परत जोडता येईल म्हणा. पण अगदी पहिल्यासारखं...”

“उपेंद्र, सांधे कोणी बनवले?”

“मीच.” हे सांगताना त्याची छाती जराशी फुगलीच.

“चांगले झालेत?”

“एकदम पक्के.”

“मग काप.”

उपेंद्रने करवत चालवली. पितळेचा बारीक भुगा खडीवर पडत राहिला. निघालेला रुळाचा तुकडा उपेंद्र वर घेऊन आला तेव्हा सरांनी हात पुढे केला, तुकडा घेतला, बोटांनी चाचपला आणि खुर्चीखाली ठेवून दिला.

सांधा बसला. परतीच्या बाजूचाही बसला. तो स्प्रिंगचा होता, आतून येणारी गाडी आपल्या चाकांनीच त्याला ढकलून जुन्या वाटेला लागे. उपेंद्रने तारा जोडल्या, पाती दहादा सरकवून पाहिली. काम खरोखरच नामी झालं होतं.

मग त्याने एक गोष्ट केली, आणि केली ती गुपचूप.

पुढच्या सांध्याच्या दांड्याला त्याने भोक पाडलं आणि त्यात लोखंडी खीळ ठोकली. हातोडीवर फडकं गुंडाळून ठोकली, आवाज होऊ नये म्हणून. आता सांधा हलणार नव्हता. गाडी जुन्याच वाटेने जाणार होती. सरांचं सुख सरांपाशी राहील, आणि आपण येऊ तेव्हा खीळ काढून आपली गाडी नव्या वाटेने फिरवू. किती शहाणपणाची तोड काढली, असं त्याचं त्यालाच वाटलं. भरूनही आलं. माणसाला आपल्या चांगुलपणाने भरून येतं तसं.

“सर, घ्या. चालवा.”

सरांनी बटण फिरवलं. गाडी निघाली, सांध्यावर टक् वाजलं, आणि लिंबाकडे गेली. करकर. पूल. पोकळ आवाज. परत व्हरांडा.

सरांनी गाडी थांबवली.

“ही तर जुनीच वाट.”

“हो सर.”

“दांडा ओढ.”

“सर, खडी अजून बसली नाही. आज राहू दे. पुढच्या रविवारी...”

“खडी बसली नाही?”

“नाही सर.”

सर उठले. पायरी उतरले. उपेंद्र हात द्यायला धावला, त्यांनी तो घेतला नाही. काठीने रुळांची कड धरत ते सांध्यापाशी आले, आणि त्या वयात, त्या गुडघ्यांनी, खाली बसले. बोटं दांड्यावरून फिरली. खिळीवर थांबली.

“हे काय आहे?”

उपेंद्र हातोडीवरचं फडकं सोडू लागला.

“विचारतोय मी.”

“खीळ आहे, सर.”

“कशाला?”

“तुमच्यासाठीच, सर. तिकडे गाडी गेली तर तुम्हाला कळणार नाही कुठे वळण आहे, कुठे चढ आहे. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“तुम्हाला जमणार नाही, असं वाटलं.”

बोलून झालं आणि उपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हरांड्यात मालतीबाई कपबशा उचलायला आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

सर रागावले नाहीत. त्यांनी खीळ चिमटीत धरली आणि ओढायला सुरुवात केली. खीळ घट्ट होती, ठोकणारा हात कसबी होता ना. त्यांचं नख मोडलं.

“सर, मी पकडीने काढतो.”

“थांब.”

“लागतंय तुम्हाला.”

“मला लागतंय. तू थांब.”

त्यांनी खीळ हलवली, वळवली, पुन्हा हलवली. बराच वेळ गेला. मालतीबाई म्हणाल्या, “अहो, करू द्या की त्याला.” शेवटी खीळ निघाली. सरांनी ती उपेंद्रच्या हातात दिली.

“तुझी आहे. ने घरी.”

मग दांडा स्वतःच्या हाताने ओढला, काठी टेकत परत गेले आणि खुर्चीवर बसले.

गाडी निघाली. सांध्यावर वळली. चिकूपाशी नव्या वळणावर वेग फार होता, इंजिन कलंडलं आणि डबे त्याच्यावर चढले.

“पडली का?”

“हो सर.”

“उचल. सांध्याच्या अलीकडे ठेव.”

उपेंद्रने ठेवली. आणि सरांच्या खुर्चीशेजारी येऊन बसला.

“सर, मी सांगतो. वळण आलं की ‘आलं’ म्हणतो, तुम्ही बटण मागे घ्या. सोपं आहे.”

“तू बोलायचं नाही.”

“पण सर...”

“अजिबात नाही.”

गाडी निघाली. पडली. उपेंद्रने उचलली, पुसली, ठेवली. पुन्हा निघाली. ह्या वेळी सरांनी बटण लवकर मागे घेतलं, गाडी वळणाच्या आधीच थांबली. सर मान कलती करून ऐकत राहिले. थोडं पुढे. थोडं अजून पुढे. चिकूच्या वाळक्या पानांवरून चाकं जाताना चुरचुर झाली. सरांचे ओठ हलले, ते ती चुरचुर पाठ करत होते.

मग वळण पार झालं, आणि चढावर इंजिन दमून थांबलं.

“काय झालं?”

उपेंद्रने तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचं नव्हतं.

सर हसले. बटण पुढे. इंजिन घरघरलं, चढलं, आणि उताराला लागून विटांवरून खाली गेलं.

“पडली.”

“उचल.”

“सर, आज पुरे करू या? दमलात तुम्ही.”

“दमलो आहे. उचल.”

उपेंद्र उचलत राहिला. त्याच्या पँटचे गुडघे मातीने भरले, कमरेत कळ आली. आपण घातलेल्या वाटेवर इतक्या जागी खड्डे-उंचवटे आहेत हे त्याला कधी कळलंच नव्हतं. डोळ्यांना सगळं सपाट दिसलं होतं. गाडी उचलता उचलता तो एखादी वीट ठोकायचा, एखादी फट बुजवायचा, आणि ते करताना सर ऐकत आहेत हे त्याला जाणवायचं. सरांबद्दलची कीव कुठल्या फेरीला गळून पडली ते त्याचं त्यालाच समजलं नाही. आता त्याला फक्त एक हवं होतं. गाडी पार गेली पाहिजे.

ऊन उतरलं. मालतीबाईंनी दुसरा चहा आणला, तोही निवला.

“ठेवलीस?”

“ठेवली, सर.”

गाडी निघाली. सांधा. चिकूची चुरचुर, बटण मागे. वळण. चढ, बटण पुढे. उतार, बटण अलगद मागे. इंजिन पाइपाच्या तोंडाशी आलं, घरघर घुमली, बारीक झाली...

आणि थांबली.

बागेत काही ऐकू येईना. पाइपातून नाही, भिंतीकडून नाही.

उपेंद्र उठू लागला. सरांनी त्याचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

“बस.”

तो बसला.

...

“सर, गाडी कुठे आहे ते कळतंय का तुम्हाला?”

“नाही.”

“मलाही दिसत नाही.”

“हं.”

“आत अडकली असेल. बटण बंद करू का, सर?”

सरांनी बटणावरचा हात काढला नाही. तोंड भिंतीच्या दिशेने होतं, आणि चेहऱ्यावर इतका आनंद होता की उपेंद्रला त्यांच्याकडे पाहवेना.

“नको,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदाच ती कुठंतरी गेली आहे.”