राखेतलं बी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा शेळ्या बोलायच्या आणि माणसं त्यांचं ऐकायचीसुद्धा.

डोंगराखाली एक गाव होतं. तिथली रीत अशी, की सगळ्या गावाचं भोपळ्या-काकडीचं बी एकाच घरात जपायचं. राखेत घोळवून, वाळलेल्या भोपळ्यांच्या पोकळ तुंब्यांत भरून. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते घरोघर वाटायचं आणि मगच वेलांची आळी करायची.

बी जपायचं काम येसूच्या आईचं. ती थंडीत वारली आणि तुंबे येसूकडे आले. पोर मुळातच भित्री. आई गेल्यापासून तर भांडं पडलं तरी दचकायची. दचकली की हात तुंब्यात जायचा. मूठभर बी काढायचं, पदराला राख पुसायची आणि दातांखाली कटकट फोडायचं. तेवढा वेळ बरं वाटायचं. मग दुसरी मूठ. पोट तर केव्हाच भरलेलं असायचं.

शेजारची गोदाकाकू दारातून विचारायची, "येसू, बी नीट आहे ना गं?"

"आहे ना काकू," येसू म्हणायची. आणि काकूची पाठ वळली की त्याच धास्तीनं आणखी एक मूठ खायची.

माघात सहा तुंबे भरलेले होते. चैत्रात तीन रिकामे झाले. येसूनं उरलेल्या तुंब्यांची तोंडं शेणानं लिंपून टाकली. दुसऱ्याच दिवशी वाऱ्यानं दार आपटलं आणि तिनं नखांनी लिंपण उकरलं. मग स्वतःचाच राग येऊन तिथेच रडत बसली.

आईची म्हातारी शेळी दाराशी रवंथ करत होती. "खा की. कोण नको म्हणतंय?"

"तू गप्प बस. तू तर माझी गोधडी खाल्लीस."

"खाल्ली. भूक लागली होती. अजून चव आठवते. तुझी मघाची मूठ कशी लागली, सांग बरं?"

येसूला काही केल्या आठवेना.

"मग असं कर," शेळी म्हणाली. "खायचं तर खा. पण आधी बी धू, सुपात पसर, उन्हात वाळव. वाळेपर्यंत सुपापाशी बस आणि नुसतं बघ, तुझ्या आत कुठं काय होतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी छपरावर धपकन माकड पडलं. येसूनं बी धुतलं, पसरलं आणि बसली. पोट गप्प होतं. छाती मात्र धडधडत होती आणि गळ्याशी काहीतरी दाटलं होतं.

"अगं, ही भूक नाहीच," ती हळूच म्हणाली. "मला आई हवीय."

शेळी तिला टेकून बसली. येसू पोटभर रडली. बी वाळलं तेव्हा तिनं चारच बिया खाल्ल्या, एकेक करून. गोड होत्या. बाकीच्या परत राखेत गेल्या.

रोज काही हे जमलं नाही. एकदा तर तिनं ओलंच बी खाल्लं.

अखिती आली. अंगणात गाव जमलं. येसूचा हात तुंब्यात गेला आणि तिथेच थांबला. 'मी घाबरलेय,' तिनं स्वतःला सांगितलं. मग मोठ्यानं म्हणाली, "बी मी खाल्लंय. आई गेल्यापासून खात होते. अडीचच तुंबे उरलेत."

"यापेक्षा उंदीर बरे!" कुणीतरी ओरडलं.

पण गोदाकाकू पुढे आली. "मी रोज दारातून बीची चौकशी केली. तू कशी आहेस, हे एकदाही विचारलं नाही गं."

त्या वर्षी घरटी दहाऐवजी चारच बिया मिळाल्या आणि सगळ्यांना भाजी पुरवून खावी लागली. तुंबे मात्र येसूकडेच राहिले. गोदाकाकू आता दारात न थांबता आत येऊन बसायची. पुढच्या चैत्रात सहाच्या सहा तुंबे भरलेले होते.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: भूक लागली तर खावं, पण भीती वाटली तर तिच्याजवळ बसावं, तिला घास भरवू नये.