दगडांचा दरबार

एका राज्यात, वाळवंट आणि डोंगर जिथे एकमेकांना भेटतात तिथे, मेघावत राजपुतांचे कुळ नांदत होते. या कुळाचे राजे मरत नसत. काही वर्षे गादी भोगून ते दगड होत आणि दरबारात ओळीने उभे राहत. भाट त्याला सूर्यवंशाचे तेज म्हणत. राजकन्या जतनकुंवरचे वडीलही त्याच ओळीत होते, आणि आता तिच्या धाकट्या भावाला, अखेराजाला, राजतिलक व्हायचा होता.

राजतिलकाच्या सकाळी ती तळ्यावरच्या सारसाकडे गेली. सारस माणसांशी बोलत असे. तो म्हणाला, हे तेज नव्हे, शाप आहे. तळ्याचे पाणी तीन राजांच्या ओठांना लाव. ते खरे तेच बोलतील.

भरल्या दरबारात तिने मूळपुरुष मेघराजाच्या ओठांना पाणी लावले. त्याने सांगितले, की हे डोंगर वेलकी नावाच्या भिल्लिणीचे. तिने त्याला आसरा दिला, त्याच्याशी लग्न केले, अंगठा चिरून रक्ताचा तिलक लावला. राज्य स्थिरावताच त्याने तिला गडाबाहेर काढले, आणि मुलांना सांगितले की तुमची आई सूर्यकन्या. जाताना ती म्हणाली होती, आईला नाकारतील ते दगड होतील.

मग ओठांना पाणी लागताच तिच्या आजोबांनी कबूल केले, की वेलकीच्या भाऊबंदांना गड त्यांनीच बंद केला. संतापलेल्या जतनकुंवरने शेवटी वडिलांच्या ओठांना पाणी लावले.

"आपल्यालाही ठाऊक होतं, बापूसा?"

"होतं, बाईसा. सांगायची लाज वाटली."

"लाज कुणाची? जिनं गादी दिली तिची? त्या लाजेपायी माझ्या भावानं दगड व्हायचं?"

मुहूर्त टळतो आहे, असे पुरोहितांनी सुचवले. टळू दे, म्हणून ती घोड्यावर बसली आणि डोंगरातून वेलकीच्या वंशातल्या थावरी म्हातारीला सन्मानाने घेऊन आली. वंशावळ म्हणताना भाट वेलकीचे नाव घ्यायला कचरला, तेव्हा अखेराजाने ते स्वतः मोठ्याने घेतले आणि थावरीचे पाय धरले. तिने अंगठा चिरून त्याला तिलक लावला.

त्याच क्षणी दगड मऊ झाले. राजे घटकाभर जिवंत उभे राहिले. वडिलांनी लेकीपुढे हात जोडले.

"क्षमा माझी नको," जतनकुंवर म्हणाली, "त्यांची मागा."

सगळे राजे थावरीपुढे वाकले, आणि वाकता वाकताच त्यांचे प्राण गेले. त्यांना अग्नी मिळाला, गडाचे दरवाजे डोंगरच्या लोकांना उघडले. तेव्हापासून मेघावतांचे राजे माणसांसारखे जगले आणि माणसांसारखे मेले.