पडद्यामागचा भिश्ती

"ते सगळं खरं, नाना. पण या पाच फितींतली बघण्यासारखी कोणती?"

विचारणारा टिपणीस, पुण्याचा. तिथल्या कुठल्याशा चित्रपट मंडळाचा चिटणीस. काखेत जाड वही. जुन्या मुक्या विनोदी चित्रफिती, दहा-दहा मिनिटांच्या, कुणी काढल्या, कधी काढल्या, कोण किती वेळा पडलं, सगळं त्या वहीत.

इलाहीनाना मुलाणी तंबू सिनेमावाले. चाळीस वर्षं माणदेशातल्या जत्रा केल्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ही जत्रा झाली की तंबू गुंडाळायचा, हे त्यांनी ठरवलेलं.

राहिला एक पत्र्याचा डबा. आत पाच रिळं. मोठ्या बोलपटाच्या आधी हीच लागायची. टिपणिसाला तो डबा हवा होता. तीन जत्रा तो नानांच्या मागं होता.

नाना म्हणायचे, "बघू."

त्या दिवशी मात्र म्हणाले, "हातात द्यावा असा माणूस न्हाई गावला, तर माझ्यासंगं मातीत जाईल डबा."

टिपणिसाचा चेहरा उतरला.

"अहो, जगात याच्या दुसऱ्या प्रती नसतील!"

"म्हणून तर."

"मला कळतं यातलं. विचारा काहीही."

"मग तूच सांग की. कोणती चांगली?"

टिपणिसानं वही उघडली. पहिली, शिडीची. उत्तम. दुसरी, फौजदाराच्या टोपीची. उत्तम. चौथी, रंगाऱ्याची. फारच दुर्मीळ. पाचवी...

"आन् तिसरी?"

"ती जावयाची? खुर्चीत अडकतो ती? किरकोळ आहे. गेली तरी चालेल."



नानांनी पायानं बादली पुढं सरकवली. आत तांब्या तरंगत होता. ते पाणी आडावरून मीच आणलेलं, म्हणून हे बोलणं माझ्या कानावर पडलं.

"भिजवणारा तापानं पडलाय. आज पाणी तू मार."

हे पाण्याचं सांगायला हवं. तंबूच्या मधोमध मांजरपाट ताणलेलं असायचं. यंत्राच्या बाजूला बापे, पलीकडं आम्ही बाया. कापड ओलं असलं की चित्र आमच्याकडं आरपार यायचं. वाळलं की आमच्याकडं अंधार.

टिपणीस म्हणाला, "पण नाना, त्या बाजूनं सगळं उलटं दिसतं. उजवं डावीकडं. चित्रातल्या पाट्या वाचता येत नाहीत. बायकांनाही पुढंच बसवा ना."

मोठा शहाणा! पुढं सासरा, पुढं दीर. त्यांच्या देखत तोंड उघडून हसून दाखव म्हणावं. आमचं वर्षाचं हसू त्या कापडाआड व्हायचं. वाचायचं कुणाला होतं?

नाना एवढंच म्हणाले, "तिकडून बघितलं तर माणूस वर पडतो का रं?"

टिपणीस हसला नाही. वहीतच बघत राहिला.

"आन् ऐक. पाठ कापडाकडं ठेवायची. पाणी खांद्यावरनं मारायचं. वळून बघायचं न्हाई."

"म्हणजे मी चित्र बघायचंच नाही?"

"तू बघत बसलास तर पाणी कोण मारणार?"

दिवेलागणीला खेळ सुरू झाला.

आमच्याकडं पहिल्या रांगेत सोनाक्का. साठीची बाई. तिच्या तोंडाला अख्खी आळी वचकून. बादली घेऊन आमच्याकडं आलेल्या टिपणिसाला बघताच ती कडाडली, "ह्यो बाप्या हिकडं कशाला?"

पलीकडून नाना ओरडले, "बाप्या न्हाई, भिश्ती हाय!"

"मग पाणी मार म्हणावं! आमची तोंडं काय बघतोय?"

पहिली लागली. शिडी गरगरली. आम्ही हसलो. कापड वाळलं.

"पाणी! ए पुण्याच्या, पाणी!"

तांब्या.

दुसरी लागली. टोपी उडाली, फौजदार टोपीमागं. आम्ही हसलो.

"मेल्या, हात मोडलं का तुझं?"

तांब्या. अर्धं पाणी त्याच्याच सदऱ्यात.

मग तिसरी.

जाडा जावई सासरी येतो. सगळे या या करतात. तो खुर्चीत बसतो. उठतो, तर खुर्ची संगं उठते. सासू ओढते. सासरा पाय लावून ओढतो. जावई खुर्चीसकट सगळ्यांना रामराम घालत हिंडतो...

सोनाक्काचा पदर तोंडावरून कधी सुटला, तिचं तिलाच कळलं नाही. शेजारी कोपऱ्यातल्या घरची नवी सून होती. दोन वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती सोनाक्काच्या मांडीवर कोसळली ती उठेचना. सोनाक्का तिच्या पाठीत गुद्दे घालत होती आणि स्वतः डोळे मिटून, एकही दात नसलेलं तोंड आभाळाकडं करून हसत होती.

टिपणीस तांब्या हातात धरून आमची तोंडं बघत उभा.

वळून बघितलं नाही त्यानं. ते खरं सांगायला हवं.

रीळ संपलं. दिवा लागला. नाना चाचपडत कापडापाशी आले. मांजरपाटावरून हात फिरवला.

खडखडीत.

"बोल. कोणती चांगली?"

"तिसरी."

"वहीत तर..."

"वही राहू द्या, नाना. कापड पार वाळलं होतं. शेवटी यांना काही दिसलंही नसेल. तरी..."

त्यानं सोनाक्काकडं पाहिलं. ती पदरानं डोळे पुसत होती.

"तरी शिवी आली नाही."

"आन् तू का न्हाई मारलंस पाणी?"

टिपणीस उत्तर द्यायला गेला. तोंड उघडलं. हसूच फुटलं. नुसतं फुटलं. खाली बसला, वही चिखलात पडली, तरी थांबेना.

"आता ह्याला काय झालं?" सोनाक्का म्हणाली. पण हळू म्हणाली.

नानांनी चौथं रीळ यंत्रावर चढवायला घेतलं.

"डबा तुझा. आधी बादली भर."