शिंपीण पाखरू आणि बदकाची तीन अंडी

तळ्याकाठी राहायची एक शिंपीण. शिंपीण म्हणजे इवलंसं पाखरू. चोचीनं पान शिवायचं, पानात घरटं करायचं.

तिच्या शेजारी गवतात राहायची बदकआई. बदकआईची अंडी तीन. मोठ्ठी मोठ्ठी!

एका सकाळी कोल्हा आला. बदकआईला घेऊन गेला. अंडी तेवढी राहिली.

शिंपीण अंड्यांवर बसली. पण शिंपीण एवढीशी, अंडं एवढं मोठं! एकसुद्धा झाकेना.

"अगं बाई! अंडी गार पडतायत!"

शिंपीण निघाली. टुणुक टुणुक, भुर्र! मंजूकाकूच्या अंगणात आली. तिथे टोपलीत बसली होती खुडूक कोंबडी. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

"कोंबडीताई, कोंबडीताई, अंड्यांवर बस ना!"

"बसेन की! पण टोपली टोचते. आधी मऊ पेंढा आण."

टुणुक टुणुक, भुर्र! शिंपीण गाईकडे गेली. गाय पेंढ्यावरच बसली होती.

"गाई, गाई, पेंढा दे ना!
कोंबडी अंड्यांवर बसेना,
आणि अंडी गार पडतायत!"

"हम्मा! देईन की! पण घसा सुकलाय. आधी पाणी आण."

टुणुक टुणुक, भुर्र! शिंपीण मंजूकाकूकडे गेली. काकू झोळी हलवत होती. झोळीत बाळ रडत होतं.

"काकू, काकू, गाईला पाणी दे ना!
गाय पेंढा देईना,
कोंबडी अंड्यांवर बसेना,
आणि अंडी गार पडतायत!"

"देईन गं बाई! पण बाळाला सोडून कशी येऊ? आधी बाळाला झोपू दे."

टुणुक टुणुक! शिंपीण झोळीच्या दोरीवर बसली.

"बाळा, बाळा, झोप ना!
काकू पाणी देईना,
गाय पेंढा देईना,
कोंबडी अंड्यांवर बसेना,
आणि अंडी गार पडतायत!"

"टॅहँ! टॅहँ!" बाळ म्हणालं.

शिंपिणीनं वाकून पाहिलं. बाळाच्या कपाळावर घाम. नाकावर घाम. बाळाला उकडत होतं!

टुणुक टुणुक, भुर्र! शिंपीण बांबूच्या बेटात गेली. तिथे वारा पडून होता. गप्प गप्प.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना!
बाळ झोपेना,
काकू पाणी देईना,
गाय पेंढा देईना,
कोंबडी अंड्यांवर बसेना,
आणि अंडी गार पडतायत!"

"उठेन की," वारा म्हणाला. "पण आधी एक गाणं म्हण."

गाणं? शिंपिणीला बदकआईची आठवण आली. गाणं येईना.

मग तिला अंडी आठवली. तिनं शेपटी उभारली, चोच उघडली.

"टुविट! टुविट! टुविट!"

एवढंसं पाखरू, केवढा मोठा आवाज!

वारा उठला, सूं सूं सूं.
झोळी हलली, बाळ झोपलं.
काकूनं पाणी दिलं, गाय प्यायली, गटगट गटगट.
गाय उठली, पेंढा मिळाला.
काकूनं पेंढा टोपलीत घातला.

शिंपीण पुढे, काकू मागे. दोघी तळ्यावर गेल्या. काकूनं अंड्यांना हात लावला.

"अगं, अजून कोमट आहेत!"

पदरात घेतली अलगद. टोपलीत ठेवली अलगद. आणि कोंबडी बसली, पंख पसरून. एक झाकलं, दोन झाकली, तीन झाकली!

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. कोंबडी चोचीनं अंडी फिरवायची. काकू वरून थोडं थोडं पाणी शिंपडायची. शिंपीण रोज येऊन विचारायची, "झालं का?"

"नाही गं," कोंबडी म्हणायची. "थांब अजून."

अठ्ठावीस दिवस गेले. आणि एका सकाळी,

टक! टक! टकटक! फट्!

तीन पिल्लं! पिवळी पिवळी, ओली ओली. "पिक! पिक! पिक!"

काही दिवसांनी पिल्लं निघाली तळ्याकडे. कोंबडी मागे धावली.

"अगं बाई, बुडतील गं बुडतील!"

डुबुक! डुबुक! डुबुक! बुडाली का? छे! पोहायला लागली.

सगळ्यात धाकटं पिल्लू काठाशी आलं. म्हणालं, "शिंपीणमावशी, बस ना पाठीवर!"

टुणुक! शिंपीण बसली.

आणि पिल्लू निघालं, सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, सगळ्या तळ्याला फेरी मारायला.