भामटा, पोवळं आणि रेशमाची वेणी

"आठ दिवसांत दोरी झाली नाही, तर वल्ही विसरा!" असं म्हणून दौलतराजांनी कोळीवाड्यातली झाडून सगळी वल्ही कोठारात कोंडली आणि किल्ली स्वतःच्या कमरपट्ट्याला अडकवली. नारळी पुनवेला नऊ दिवस उरले होते. पुनवेनंतर होड्या समुद्रात जायच्या, आणि वल्ह्याविना होडी म्हणजे नुसती मोठी परात. तीत बसून कोणाचं पोट भरणार?

भांडण खरं तर राजाचं आणि एका जिताड्याचं होतं. खाडीतला हा मासा चांगला माणसाएवढा लांब. राजाने त्याचं नाव भामटा ठेवलं होतं. गळाला जाड सुती दोरी लावली की भरतीचं पाणी तिला वाहवत नेई, आणि भामटा ती लांबूनच बघून पाठ फिरवी. मग राजाच्या गळाच्या दोऱ्या करणाऱ्या पोशा कोळ्याने आतड्याची एकेरी तात दिली. बारीक, पाण्यात दिसेनाशी होणारी. भामट्याने आमिष घेतलं आणि एका हिसक्यात तात तोडून गेला. एकदा नव्हे, तीनदा! तिसऱ्यांदा त्याने जाता जाता राजाच्या तोंडावर शेपटीने पाणी उडवलं, असं धक्क्यावरचे लोक सांगत. राजासमोर मात्र कोणी सांगत नसे.

शेवटी राजाने गळ्यातलं पोवळं काढून पोशाच्या हातावर ठेवलं होतं. "याच्या भोकातून जाईल इतकी बारीक दोरी हवी. आणि ती कशानेही तुटता कामा नये."

पोशा घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. "जाड केली तं भोकात जात नाय, बारीक केली तं तुटते. आता राजाला कोण समजावंल?"

त्याची मुलगी हौसा केस विंचरत होती. बापाचं ऐकता ऐकता तिने एक केस बोटाला गुंडाळून ओढला. तटकन तुटला. मग तिने स्वतःची वेणी ओढून पाहिली. आणखी जोरात ओढली. डोळ्यांत पाणी आलं, पण वेणी काही तुटली नाही. हौसाला एकदम हसू फुटलं आणि ती तशीच उठून दरबारात गेली.

"म्हाराज, मना तुमचा रेशमी शेला पायजे."

"माझा शेला? कशाला?"

"उसवायला."

कारभारी अनंतपंतांना ठसकाच लागला. पण राजा हट्टाला पेटला होता. भामट्यासाठी त्याने पागोटंही दिलं असतं. हौसा शेला घेऊन घरी आली आणि सात दिवस बापलेकीने रेशमाचे तंतू सोडवले. पिळाची दोरी ताण आला की उलगडते, म्हणून तिने पीळ दिलाच नाही. आठ बारीक पेड घेऊन घट्ट वेणी घातली आणि वर मेण चोळलं. साठ हात दोरी झाली.

आठव्या दिवशी सगळा गाव धक्क्यावर जमला. हौसाने दोरी पोवळ्यातून सर्रकन ओवली. दरबारी पैलवानाने दोरी ओढली. त्याच्या तळहाताला चरे पडले, दोरी होती तशीच. राजा खूश झाला. पण गळाच्या अलीकडे हौसा हातभर तात जोडायला लागली, तसा तो ओरडला.

"हे काय? तात तुटते!"

"म्हणूनच जोडते, म्हाराज. तुटायला काय तरी ठेवायला पायजे."

"काहीही तुटायला नको! हुकूम आहे."

हौसाने तात सोडली आणि गळ थेट दोरीला बांधला. राजा नेहमीच्या सवयीने दोरीचे वेढे हातातल्या सोन्याच्या कड्याला घालत होता, ते तिने पाहिलं. मग तिने गुपचूप दोरीचं मागचं टोक, पोवळ्यासकट, धक्क्याच्या खुंट्याला पक्कं बांधून टाकलं.

गढूळ पाण्यात बारीक दोरी भामट्याला दिसलीच नाही. त्याने आमिष गिळलं. राजा "आला, आला!" म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी राजा गेला. पागोटं एकीकडे, राजा दुसरीकडे, आणि पुढे भामटा खाडी कापत चाललेला!

"होड्या काढा!" अनंतपंत किंचाळले.

"वल्ही कुठं हायत?" पोशाने विचारलं.

"कोठारात. किल्ली आणा!"

सगळ्यांनी एकदम खाडीकडे पाहिलं. किल्ली राजाच्या कमरेला होती आणि राजा पाण्यात होता.

तेवढ्यात दोरी संपली आणि खुंटा करकरला. एका बाजूला भामटा, एका बाजूला खुंटा आणि मधोमध वाळत घातलेल्या धोतरासारखा राजा. "हाताला फडकी गुंडाळा आन ओढा!" हौसा म्हणाली. अख्खा कोळीवाडा दोरीला लागला. आधी राजा वर आला, मागोमाग दमलेला भामटा.

राजा नखशिखान्त भिजला होता आणि संतापला होता. "दोरी मासा ओढायला सांगितली होती. हिने मला ओढलं! एक वल्हं मिळणार नाही!"

पोशा दोन पावलं मागे सरला. हौसाने मात्र हात जोडले.

"म्हाराज, भामटा जोरदार, तुम्ही जोरदार, आन दोरी दोघांच्यावर. तिघांत एकानं तरी हार मानायला पायजे ना? ते काम मी तातीला दिलं व्हतं. तुम्ही ते सोत्ताकडं घेतलंत!"

राजाने भामट्याकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, मग आपल्या ठिबकणाऱ्या मिशांना हात लावला आणि असा खदखदून हसला की त्याच्या नाकातून खाडीचं पाणी आलं. हसता हसताच त्याने कमरेची किल्ली सोडून पोशाकडे फेकली. मग स्वतः खुंट्यापाशी गेला, दोरीची हातभर लांबी कापली आणि तिच्यात ओवलेल्या पोवळ्यासकट हौसाच्या गळ्यात बांधली.