शेवंताबाईंच्या मोराशेजारी

“चाचा, शेवंताबाईंच्या हातात असं काय आहे, जे माझ्या हातात नाही?” मोरेश्वरनं विचारलं.

कासमचाचांनी मान वर केली नाही. मिरजेच्या त्या खोलीत ते चाळीस वर्षं हातानं शुभेच्छापत्रं करत आले होते. आता नजर अधू झाली होती. यंदा दिवाळीच्या नमुन्याचं कार्ड शिष्यांपैकी कोणीतरी करायचं होतं. ज्याचा नमुना, त्याच्याच हाती पुढे ही खोली जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

मोरेश्वर अकरा वर्षं शिकत होता. शेवंताबाई आठ महिन्यांपूर्वी आल्या. त्याआधी शाळेत मावशी म्हणून कामाला होत्या. आणि चाचांनी नमुना सांगितला कोणाला? शेवंताबाईंना. मोरेश्वरचा नुसता जळफळाट झाला होता. त्यांच्या कार्डावरच्या मोराचं कोणी कौतुक केलं की याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

“अकरा वर्षं घासली मी. त्यांना अजून कात्री धड धरता येत नाही.”

“खरं आहे,” चाचा म्हणाले, आणि नमाजाला उठून गेले.

शेवंताबाई मागे ठसा धूत होत्या. टेबलावर त्यांचा कागद तयार होता, सोनेरी भुकटी ठशाबाहेर चिकटू नये म्हणून पावडरच्या पुरचुंडीनं पुसलेला. असा कागद पुसला की त्याला हात लावायचा नाही, हा त्या खोलीतला पहिला धडा.

मोरेश्वरनं तो उचलला. काहीतरी मेख असणारच. उजेडात धरला, उलटसुलट केला... साधा कागद. त्यानं तो जागच्या जागी ठेवला. मघाशी खाल्लेल्या भडंगाचं तेल बोटांना आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

शेवंताबाई आल्या. चाचाही परतले. बाईंनी शाईत बुडवून ठसा दाबला, वर सोनेरी भुकटी भुरभुरली, जादाची झटकली आणि कागद शेगडीच्या धगीवर धरला.

भुकटी वितळली. मोर टरारून वर आला.

मोराशेजारी एक अंगठाही वर आला. सोनेरी, रेघ न् रेघ दिसणारा.

“माझाच लागला असेल,” शेवंताबाई म्हणाल्या. “दुसरं करते, चाचा.” आणि कागद आणायला आत गेल्या.

त्यांना संशयसुद्धा आला नाही, याचाच मोरेश्वरला जास्त राग आला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाचा त्या फुगीर रेघांवरून बोट फिरवत बसले.

“...तो माझा आहे, चाचा.”

“हं.”

“बिघडवायचं नव्हतं मला. नुसतं बघत होतो.”

“मोरेश्वर, कार्ड करताना तुझ्या मनात कोण असतं? ज्याला ते जाणार, तो माणूस?”

मोरेश्वरला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमेना.

“शेवंताबाई,” तो म्हणाला. “आठ महिने झाले, उठता-बसता त्याच.”

चाचांनी ते कार्ड मधोमध दुमडलं, त्याच्यापुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं.

“मग आत त्यांचं नाव लिही. सही तू बाहेर केलीच आहेस.”